जिवाची धमकी देऊन गुन्हा करायला लावला तर शिक्षा होते का?
बहुतेक गुन्ह्यांत सुटका होऊ शकते, पण अट कडक आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 32 (जुन्या भारतीय दंड विधानाचं, म्हणजे भादंविचं, कलम 94) पाहा. न केल्यास स्वतःचा तत्काळ मृत्यू होईल, अशी रास्त भीती त्या क्षणी हवी. ‘हातपाय तोडू’, ‘नोकरी घालवू’ हे पुरत नाही. मुलाच्या गळ्यावर सुरी असली तरी कलमाच्या शब्दांत ते बसत नाही. मला हे फार कठोर वाटतं.

कलमातलंच उदाहरण: दरोडेखोरांनी लोहाराला धरून, ठार मारायची धमकी देऊन दार फोडायला लावलं, तर तो सुटतो. आपणहून किंवा नुसत्या माराच्या भीतीने टोळीत गेलेला सुटत नाही. खून आणि मृत्युदंडास पात्र राज्यविरोधी गुन्ह्यांना हा बचाव नाहीच. शिवाय धमकी होती हे आरोपीनेच दाखवायचं.