शेपूट दिसल्याशिवाय गाडी गेली म्हणू नका

लातूरकर दादा, तुमचा प्रश्न असा: एचओ मापाच्या (खऱ्याच्या 1/87) मॉडेल रेल्वेचा लेआउट, डीसीसीवर (रुळांतूनच वीज आणि डिजिटल हुकूम देणारी पद्धत) तीन इंजिनं, बारा ब्लॉक, म्हणजे गाडी कुठं आहे ते कळायला पाडलेले रुळाचे भाग. रोबोटिक्सचं सामान मिळतं तिथून इन्फ्रारेड सेन्सर आणून रुळांमध्ये बसवले, पण दुपारी खिडकीतून ऊन आलं की सगळेच ब्लॉक भरलेले दिसतात. गाडी संगणकानं आपोआप थांबवावी अशी इच्छा आहे. मग सेन्सर बदलावेत की पद्धतच?

पद्धत बदला. उन्हाचा त्रास पडदा लावूनही जाईल, खरी अडचण दुसरीच आहे. इन्फ्रारेड सेन्सरला फक्त त्याच्या डोक्यावरून जाणारा डबा दिसतो. दोन सेन्सरच्या मधे गाडी आहे, हे संगणकाला लक्षात ठेवावं लागतं. आपल्याकडं लाइट कधी जाईल याचा नेम नाही. लाइट गेली की ती आठवण गेली, आणि परत आली की संगणक म्हणतो सगळे ब्लॉक रिकामे. मोठ्या रेल्वेतल्या ॲक्सल काउंटरचंही (चाकांच्या जोड्या मोजणारं यंत्र) असंच असतं, मोजणी बिघडली की तो माणसानं रिसेट करावा लागतो. करंट ओळखणारा डिटेक्टर मात्र लाइट येताच सांगतो की चार नंबरमध्ये कुणीतरी उभं आहे. डीसीसीत इंजिन थांबलेलं असलं तरी रुळावर साधारण 15 व्होल्ट कायम असतात आणि इंजिनातला डिकोडर (हुकूम समजून घेणारी चिप) थोडा करंट ओढतच राहतो, म्हणून हे जमतं.

वायरिंग सोपी आहे. ब्लॉकच्या सीमेवर दोनपैकी एकच रूळ तोडायचा, आणि सगळ्या लेआउटवर एकाच बाजूचा. दुसरा रूळ अखंड. तोडलेल्या प्रत्येक तुकड्याला वेगळी फीडर (वीज पोचवणारी) वायर द्यायची, ती डिटेक्टरमधून न्यायची. डिटेक्टर दोन जातीचे. एकात फीडर छोट्या कॉइलमधून आरपार जाते. व्होल्टेज अजिबात पडत नाही, आणि वायरचे दोन-तीन वेढे घेतले की कॉइल तितक्या पटीनं तिखट होते. दुसरा घरी बनवता येतो: 3 अँपिअरचा ब्रिज रेक्टिफायर (चार डायोडचा संच) घ्या, त्याचे प्लस-मायनस आपसांत जोडा आणि एसीच्या दोन पायांमधून फीडर न्या. दोन्ही दिशांनी दोन-दोन डायोड लागतात, म्हणजे साधारण 1.4 व्होल्ट पडतात, आणि त्या दोन पायांवर रेझिस्टरसह लावलेल्या पीसी817 ऑप्टोकपलरचा (उजेडातून सिग्नल पुढं देणारी चिप) एलईडी पेटायला तेवढे पुरतात. आउटपुट थरथरतं, तिथं 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या आणि अर्डुइनोच्या (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) पिनेवर न्या. बारा ब्लॉकला अर्डुइनो मेगा भरपूर होतो, त्याला 54 डिजिटल पिना आहेत. एक पथ्य पाळा: डायोडवाली जात घेतली तर ज्या रुळांवर डिटेक्शन नको आहे त्यांच्या फीडरमध्येही तसलेच डायोड घाला, नाहीतर ब्लॉक बदलला की इंजिनाचा वेग बदलतो.

माझा मुद्दा पुढंच आहे. इंजिन करंट ओढतं, डबे ओढत नाहीत. इंजिन पुढच्या ब्लॉकात गेलं की मागचा ब्लॉक रिकामा दिसतो, जरी त्यात सहा डबे लोंबकळत असले तरी. मग संगणक खुशाल दुसरी गाडी आत सोडतो. मोठ्या रेल्वेत शेवटच्या डब्याला एलव्हीची (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) पाटी असते. ती दिसली की स्टेशनवरच्या माणसाला कळतं, गाडी पूर्ण आली, मागं काही सुटलं नाही. आपल्या शेवटच्या डब्यालाही तशी ओळख द्यायला हवी. त्यासाठी चाकाच्या एका बाजूला जो इन्सुलेशनचा बुश असतो, त्यावरून 10 किलोओहमचा एसएमडी (बारीक, चपटा, बिनतारेचा) रेझिस्टर सुपरग्लूनं चिकटवा आणि दोन्ही टोकांना कंडक्टिव्ह पेंटचा ठिपका द्या, एक चाकाला टेकणारा, एक ॲक्सलला. 15 व्होल्टला दीड मिलिअँपिअर मिळतो. त्याच डब्याच्या दोन ॲक्सलवर लावलात तर तीन. सगळ्या डब्यांना लावत बसू नका, आधी गार्डच्या डब्याला आणि ज्या वॅगन सायडिंगला एकट्या उभ्या राहतात त्यांना. पेंट वाळल्यावर दोन्ही चाकांवर मल्टीमीटर लावून बघा. 9 ते 11 किलोओहम आलं तर बरं.

मला सगळ्यात जास्त छळलं ते मात्र पाण्यानं. माझा लेआउट परभणीला, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. चार नंबरचा ब्लॉक कोरड्या दिवसांत ठीक असायचा आणि पाऊस लागला की भरलेला दिसायचा. डिटेक्टर बदलला, वायर बदलली, अर्डुइनोला शिव्या घातल्या. भाचा खाली वाकून बघायचा आणि विचारायचा, "मामा, गाडी यायलीय का जायलीय? इथं तर कुणीच नाही." शेवटी फीडर सोडवून दोन रुळांवर मीटर लावला तर 8 किलोओहम. रुळावर एक डबाही नव्हता! दोन वर्षांपूर्वी खडी चिकटवताना पांढरा गम बोअरच्या पाण्यात पातळ केला होता, तेही नेमका त्याच ब्लॉकात, कारण त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. बोअरचं पाणी किती खारं असतं ते तुम्हाला सांगायला नको. क्षार खडीत राहिले, पावसाळी हवेत ओल धरू लागले आणि दोन रुळांमध्ये आपसूक एक रेझिस्टर तयार झाला, जवळजवळ माझ्या गार्डच्या डब्याएवढाच. खडी खरवडून काढली आणि आरओच्या पाण्यात गम कालवून पुन्हा घातली. आता भर श्रावणातही मीटर मेगाओहममध्ये दाखवतो.

उन्हाळ्याचं दुखणं वेगळं. निकेल-सिल्व्हरचा रूळ मीटरमागं दर अंशाला सुमारे 0.017 मिलिमीटर वाढतो. परभणीची थंडी आणि मे महिन्यातला पत्रा यांत 35 अंशांचा फरक सहज पडतो, म्हणजे मीटरभर रुळाला 0.6 मिलिमीटर. थंडीत बारीक ब्लेडनं केलेली फट मेमध्ये मिटते आणि शेजारचे दोन ब्लॉक एकदम भरलेले दिसतात. फटीत जुन्या एटीएम कार्डाचा तुकडा सुपरग्लूनं बसवा आणि वाळल्यावर रुळाच्या आकारात घासून घ्या.

आणखी एक सांगतो, हे फारसं कुणी बोलत नाही. डिटेक्टरपासून रुळापर्यंतची फीडर वायर जितकी आखूड तितकं चांगलं. दोन वायरी लांबपर्यंत एकत्र पिळून नेल्या तर त्या स्वतःच कपॅसिटर होतात, डीसीसीच्या झटपट बदलणाऱ्या लहरीतला थोडा करंट तिथून गळतो आणि तिखट डिटेक्टर त्यालाच गाडी समजतो. पिळायचं असेल तर डिटेक्टरच्या अलीकडची मुख्य बस (सगळ्या फीडरना वीज देणारी वायरींची जोडी) पिळा.

संगणकाकडं जेएमआरआय हे मॉडेल रेल्वेचं सॉफ्टवेअर फुकट आहे, तेच घ्या. त्यात ब्लॉक भरल्याची खबर लगेच लागू द्या, रिकामा झाल्याची मात्र एक सेकंद उशिरानं. चाकं मळलेली असली की करंट क्षणभर तुटतो आणि गाडी गायब झाल्यासारखं वाटतं. आमच्या मातीची धूळ बघता हा सेकंद लागतोच.

आणि एवढं ध्यानात ठेवा की ही व्यवस्था मोठ्या रेल्वेच्या ट्रॅक सर्किटच्या (रुळांतून करंट सोडून, रिले नावाच्या विजेच्या स्विचनं गाडी ओळखायची पद्धत) उलटी आहे. तिथं वायर तुटली तर रिले पडतो आणि ब्लॉक भरलेला दिसतो, सिग्नल लाल राहतो. आपल्याकडं वायर तुटली की ब्लॉक रिकामा दिसतो. म्हणून दर वेळी सुरू करण्याआधी एक इंजिन प्रत्येक ब्लॉकातून हातानं चालवून स्क्रीनवर दिवा लागतो का ते बघा. मी चहा होईपर्यंत हेच करतो.

इन्फ्रारेड सेन्सर फेकू नका. फलाटाच्या टोकाला नेमक्या जागी थांबायला दोन-तीन ठेवा, खिडकीपासून लांब. रविवारी सगळे फीडर सोडवून, गाड्या उतरवून बाराही ब्लॉकचा ओहम मोजा आणि आकडे इथं टाका. एखादा ब्लॉक 50 किलोओहमच्या खाली असेल तर डिटेक्टर विकत घेण्याआधी तो दुरुस्त करा.