टोर्नेडोच्या वाटेवर जिओकॅशिंग करताना बघायला काय मिळतं?

तुम्ही विचारलंय की टोर्नेडो जाऊन वर्षं लोटल्यावर त्याच्या वाटेवर जिओकॅशिंगचे डबे, म्हणजे कुणीतरी लपवलेले आणि जीपीएसवरून हुडकायचे डबे, शोधत फिरण्यात काय मजा.

मी तिथं झाडं बघतो. खरं तर नसलेली झाडं.

२०१६ साली मिसुरीतल्या जॉपलिनला गेलो होतो. २२ मे २०११ च्या संध्याकाळी इथून जवळपास दीड किलोमीटर रुंदीचा टोर्नेडो गेला. एका गल्लीत जुनी झाडं, रस्त्यावर सावलीचा मांडवच. चार पावलं पुढे गेलो तर घरं कोरी करकरीत आणि अंगणात मनगटाएवढ्या बुंध्याची रोपं, काठीला बांधलेली. बरंच अंतर तसंच, मग पुन्हा मांडव सुरू. वादळाची रुंदी पायांनी मोजता येते, नकाशा लागत नाही. कनिंगहॅम पार्कमध्ये मृतांच्या आठवणीत १६१ झाडं लावली आहेत. तिथं मात्र मी फोन खिशात ठेवला.

नकाशा हवाच असेल तर १९५० पासूनच्या टोर्नेडोंच्या वाटा अमेरिकन हवामान खातं फुकट देतं. त्या उघडायच्या आणि वाटेलगतचे डबे निवडायचे. १९२५ चा तीन राज्यांतला टोर्नेडो त्यात सापडणार नाही. साडेतीन तासांत ३५० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून निघून जवळजवळ कोल्हापूर, आणि ६९५ बळी. एका सुट्टीत तो सगळा करायच्या भानगडीत पडू नका.

एक गंमत. ओक्लाहोमातल्या मूरचा भयंकर टोर्नेडो ३ मे १९९९ चा. बरोबर वर्षानं, ३ मे २००० ला, ऑरेगनमध्ये पहिला जिओकॅश ठेवला गेला, कारण आदल्याच दिवशी अमेरिकेनं जीपीएसनं दाखवलेल्या जागेत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली होती. निव्वळ योगायोग, पण मला आवडतो.

मोकळा प्लॉट दिसला म्हणून आत शिरू नका. कधी गवतात सिमेंटच्या तीनच पायऱ्या दिसतात, वर काही नाही. ते कुणाचं तरी घर आहे.

एप्रिल ते जूनमध्ये जाणार असाल तर आधी हवामान बघा. ओक्लाहोमा सिटीजवळ मी दिव्याच्या खांबाखाली डबा चाचपत असताना टोर्नेडोच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला. डबा तिथंच टाकून गाडीकडे पळालो. समोर एक आजी गवत कापत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही. शनिवार होता, दुपारचे बारा. तिकडे दर आठवड्याला त्याच वेळी भोंग्याची चाचणी असते.