व्हिला समुद्रकाठचा ठरला, खोली मिळाली गावातल्या पहिल्या मजल्यावर: दाद कुठे मागायची, किती मागायची?

प्रश्न : आम्ही नाशिकला राहतो. मे २०२५ मध्ये आम्ही दोघे, दोन मुले आणि सासू-सासरे असे सहा जण अंदमानला गेलो. पुण्याच्या एका ट्रॅव्हल कंपनीने स्वराज द्वीप (हॅवलॉक) इथल्या बीच रिसॉर्टमध्ये तळमजल्यावरचे दोन व्हिला चार रात्रींसाठी कन्फर्म करून दिले होते. एकूण २,६४,००० रुपये भरले. निम्मे यजमानांच्या खात्यातून, निम्मे माझ्या क्रेडिट कार्डावरून. २१ मे रोजी पोचलो तर रिसॉर्टने ‘फुल आहे’ सांगून समुद्रापासून लांब, गावातल्या एका हॉटेलात पाठवले. खोल्या पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सासूबाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले आहे, हे बुकिंगच्या आधीच व्हॉट्सअॅपवर कळवले होते. त्या चार दिवसांत दोनदाच खाली उतरल्या. एलिफंट बीचची बोट हवामानामुळे गेली नाही. परतीची फेरी (प्रवासी बोट) रद्द झाल्याने विमान चुकले, नवी तिकिटे काढावी लागली. आता कंपनी २०,००० रुपयांची क्रेडिट नोट देते, पण ‘कोणतीही तक्रार उरलेली नाही’ असे मेलवर मागते. फॉर्मवर ‘पुणे न्यायालयाच्या अधीन’ असे छापले आहे; रिसॉर्टवाले म्हणतात, केस करायची तर पोर्ट ब्लेअरला या. गूगलवर लिहिलेला रिव्ह्यू काढला नाही तर बदनामीचा दावा लावू, असाही फोन आला. काय करावे?

उत्तर : त्या क्रेडिट नोटच्या मेलला आधी ‘ओके’सुद्धा लिहू नका. पूर्ण व अंतिम तडजोड मान्य असल्याचे एकदा लेखी दिले की पुढे ती संमती दबावाखाली किंवा दिशाभूल होऊन दिली, हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. सही झाली म्हणजे सगळे दरवाजे बंद झाले असे कायदा म्हणत नाही, पण हातातली सोपी केस उगाच अवघड होते. शिवाय क्रेडिट नोट म्हणजे पैसे नव्हेत; त्याच कंपनीबरोबर पुन्हा प्रवास केला तरच तिचा उपयोग. मेलला एवढेच उत्तर द्या : ‘आपला प्रस्ताव मान्य नाही. आपण देऊ इच्छित असलेली रक्कम माझ्या बँक खात्यात जमा केल्यास ती एकूण मागणीपोटी अंशतः आणि माझे सर्व हक्क राखून स्वीकारली जाईल.’

आता जागेचा प्रश्न. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चे कलम ३४(२)(ड) तक्रारदार जिथे राहतो किंवा स्वतः काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करू देते. १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती. तेव्हा कंपनी जिथे असेल किंवा प्रकार जिथे घडला असेल तिथे जावे लागे. फॉर्मवर पुणे छापले काय किंवा रिसॉर्टने पोर्ट ब्लेअर (आताचे श्री विजयपुरम) म्हटले काय, संसदेने दिलेला हा हक्क छापील ओळीने जात नाही. तुमची तक्रार नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात चालेल. फॉर्ममध्ये लवादाचे कलम (वाद खासगी पंचाकडेच न्यायचा अशी अट) असेल तरी घाबरू नका, त्यानेही आयोगाचा रस्ता अडत नाही. कोणत्या पातळीवर जायचे हे मागितलेल्या भरपाईवरून नाही, तर मोबदला म्हणून भरलेल्या रकमेवरून ठरते. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख आहे आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य.

एक बारकावा सांभाळा. तक्रारीत ‘अन्यायकारक करार’ रद्द करून मागितला की प्रकरण राज्य आयोगाच्या अखत्यारीत जाते आणि जिल्हा आयोग तक्रार परत करू शकतो. म्हणून मागणी ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या दोन पायांवरच उभी करा.

सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार करायची ते, कोण? पैसे घेणारी कंपनी क्रमांक एक, रिसॉर्ट क्रमांक दोन. एकट्या कंपनीला केले तर ती सगळे खापर समोर नसलेल्या रिसॉर्टवर फोडेल. दोघेही असले की रिसॉर्ट सांगेल, ‘आमच्याकडे पैसेच वेळेत आले नाहीत’, आणि कंपनी सांगेल, ‘यांनी जास्तीचे बुकिंग घेतले’. दोघांच्या लेखी कैफियतीतून (तक्रारीला दिलेल्या उत्तरातून) खरे काय ते आपोआप बाहेर येते. बेटावर नोटीस बजावायला वेळ लागतो, हा तोटा पत्करण्याजोगा आहे.

नावात मात्र चूक नको, कारण अशा तक्रारी शेवटच्या टप्प्यावर फसतात त्या इथेच. पाटीवरचे नाव हे बहुतेकदा फक्त व्यापारी नाव असते. मागे प्रोप्रायटर, भागीदारी संस्था किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असते. बिलावरचा पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये टाका. कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव दोन्ही दिसतील. तक्रारीत दोन्ही लिहा. नुसत्या पाटीच्या नावावर आदेश घेतला तर वसुलीच्या वेळी ‘अशी संस्थाच नाही’ हे ऐकावे लागते. तक्रारदार म्हणून तुम्ही, यजमान आणि सासूबाई अशा तिघांची नावे घाला. पैसे दोन खात्यांतून गेले आहेत, आणि पैसे न भरता सेवेचा लाभ घेणारी व्यक्तीही कायद्याने ग्राहकच असते.

तुमच्या केसचा कणा म्हणजे कन्फर्मेशन व्हाउचरची एक ओळ : ‘बीच व्हिला, ग्राउंड फ्लोअर, दोन युनिट, चार रात्री, एमएपी’. म्हणजे जागा, मजला, संख्या आणि नाश्ता-रात्रीचे जेवण, सगळे एका ओळीत. कंपनी बचावाला पुढे करेल ते अटींमधले ‘ऑर सिमिलर’ (किंवा तशाच दर्जाचे). ती अट हॉटेल बदलू देते, दर्जा उतरवू देत नाही. तळमजल्यावरचा व्हिला आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीतली पहिल्या मजल्यावरची खोली सारखी कशी, हे कंपनीने दाखवायचे आहे. त्यात गुडघ्याच्या ऑपरेशनचा तुमचा मेसेज बुकिंगच्या आधीचा आहे. करार करतानाच एखादी अडचण समोरच्याला माहीत असेल, तर तिच्यामुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे त्याच्यावर येते. कंपनीने त्या मेसेजला ‘नोटेड मॅम’ किंवा नुसता अंगठा जरी पाठवला असेल, तर त्या पानाची प्रत पहिल्या परिशिष्टात लावा. ऑपरेशनचे डिस्चार्ज कार्डही जोडा.

आकडा मोघम ठेवू नका. सगळे २,६४,००० परत मागितले तर आयोग पहिल्याच दिवशी विचारेल की विमान वापरले, जेवण घेतले, खोलीत राहिलात, मग सगळे परत कसे? फरक मागा. रिसॉर्टच्या वेबसाइटवरून त्या व्हिलाचा मे महिन्याचा दर आणि दिलेल्या हॉटेलचा दर, दोन्हींचे तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट आजच घ्या. दर पुढे बदलतात. समजा व्हिला १४,५०० आणि खोली ५,२०० रुपये रात्रीची असेल, तर फरक ९,३००; दोन युनिट, चार रात्री, म्हणजे ७४,४००. त्यात समुद्रावर जायला करावी लागलेली टॅक्सी पावत्यांसह. मग शारीरिक-मानसिक त्रासासाठी वेगळी रक्कम, तक्रारीचा खर्च, आणि पैसे भरल्यापासून व्याज. त्रासाच्या सदरात लाखाची मागणी लिहिता येते, पण आयोग बहुधा काही हजारांतच विचार करतो. सासूबाईंचे चार दिवस बहुतेक खोलीतच गेले हे त्यांच्या स्वतःच्या शपथपत्रात साध्या शब्दांत आले, तर त्याचे वजन मोठ्या आकड्यापेक्षा जास्त पडते.

हवामानाचा भाग वेगळा काढा. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात मान्सून अंदमानात पोचतो. समुद्र खवळला की फेरी थांबते आणि एलिफंट बीचच्या बोटीही बंद होतात. हा कंपनीचा दोष नाही. जादा रात्रीचे भाडे आणि नवी विमान तिकिटे तिच्याकडून मिळण्याची आशा फार धरू नका. मात्र न झालेल्या बोटीचे पैसे कंपनी ठेवू शकत नाही. रद्द फेरीचाही परतावा येतो, आणि तिकीट कंपनीने काढले असल्यामुळे तो तिच्याच खात्यात गेलेला असू शकतो. पीएनआर देऊन ‘परतावा कधी, किती मिळाला’ असे मेलने विचारा. हॅवलॉकची फेरी आणि परतीचे विमान एकाच दिवशी ठेवणे ही आखणीतली चूक आहे. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला ठेवणे हीच सुरक्षित रीत. कार्यक्रम कंपनीने स्वतः आखला असेल तर हा मुद्दा एका परिच्छेदात जरूर घाला, पण तक्रारीचा भार त्यावर टाकू नका. प्रवास विमा काढला होता का, हेही पाहा. तो दावा स्वतंत्र चालतो.

पुरावा जपताना घाई नुकसान करते. व्हॉट्सअॅपचे चॅट ‘एक्स्पोर्ट’ करून मीडियासह मेलवर ठेवा, पण मूळ फोनमधले चॅट पुसू नका. फोटो व्हॉट्सअॅपने फोटो म्हणून पाठवले की त्यातली तारीख-ठिकाणाची माहिती निघून जाते, म्हणून मूळ फाइल पेन ड्राइव्हवर उतरवा. चॅट, फोटो अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे, भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडा. आयोगाचे काम संक्षिप्त पद्धतीने चालते, पुरावा कायदा तिथे अक्षरशः लागत नाही. तरी प्रमाणपत्र असले की समोरच्याला हरकतीला जागा उरत नाही.

कायद्याने आधी नोटीस देणे सक्तीचे नाही, पण द्या. पंधरा दिवसांची मुदत, मागणीचा हिशेब आणि व्हाउचरची प्रत. स्पीड पोस्टाने पोचपावतीसह आणि मेलनेही. त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. ती मध्यस्थी करते, आदेश देत नाही, आणि त्यात वेळ गेला म्हणून तक्रारीची मुदत वाढत नाही. उत्तर समाधानकारक नसेल तर ‘ई-जागृती’ पोर्टलवर तक्रार दाखल करा : तारखांचा तक्ता, तक्रार, शपथपत्र, परिशिष्टे. वकील आवश्यक नाही. तक्रार दाखल करून घ्यायची का, यावरच्या सुनावणीनंतर नोटीस निघते. सामनेवाल्याला लेखी कैफियतीसाठी नोटीस मिळाल्यापासून ३० दिवस आणि फार तर १५ दिवस वाढीव मिळतात. ४५ दिवसांनंतर ती घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून नोटीस कोणाला कोणत्या तारखेला पोचली याचा ट्रॅकिंग अहवाल स्वतः काढून ठेवा. निकालासाठी कायदा तीन महिने सांगतो, प्रत्यक्षात जास्त लागतात. सुनावणीला व्हिडिओद्वारे हजर राहण्याची परवानगी मागता येते. आदेश तुमच्या बाजूने झाला आणि कंपनीला अपील करायचे असले, तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

रिव्ह्यू काढू नका, तपासा. ‘चोर’, ‘लुटारू’, ‘फ्रॉड’ असे शब्द असतील तर खोडा. ‘२१ मे रोजी कन्फर्म व्हिला मिळाला नाही, पहिल्या मजल्यावर खोली दिली’ हे सत्य आहे आणि व्हाउचरने सिद्ध होते. इतर ग्राहकांच्या हितासाठी सद्भावनेने लिहिलेले सत्य बदनामीच्या अपवादात बसते. धमकीच्या फोनची तारीख, वेळ आणि नंबर लिहून ठेवा आणि यापुढे फक्त मेलवर बोला. पोलिसांत फसवणुकीची फिर्याद द्यायचा मोह टाळा. पैसे घेतानाच फसवायचा इरादा होता हे त्यात दाखवावे लागते, आणि तुमच्या कागदांतून ते दिसत नाही.

तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे, म्हणजे तुमच्यासाठी मे २०२७ च्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. पण कार्डावरून गेलेल्या निम्म्या रकमेवर बँकेकडे ‘सेवा ठरल्याप्रमाणे दिली नाही’ म्हणून चार्जबॅक (कार्डावरून गेलेले पैसे बँकेमार्फत परत) मागता येतो आणि त्याची मुदत मोजक्या दिवसांची असते. म्हणून नोटिशीच्याही आधी, याच आठवड्यात, व्हाउचर आणि खोलीचे फोटो जोडून बँकेला लेखी अर्ज द्या आणि अर्जाचा क्रमांक घ्या. तिथून काही रक्कम परत आली तर ती तक्रारीतल्या मागणीतून वजा करून दाखवा.