करंगळी आणि दोन काने

जुन्या जड टाइपरायटरवर टाइप करताना हात दुखायचे का आणि मराठी कसं टाइप व्हायचं, असं तुम्ही विचारलंय. हात नाही, करंगळी दुखायची.

मी १९८९ साली तासगावात टायपिंगचा क्लास लावला. पहिले पंधरा दिवस एकच ओळ: ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे. यातला 'ए' डाव्या करंगळीचा. माझा 'ए' कागदावर जेमतेम उमटायचा आणि पूर्णविराम मात्र भोक पाडून पलीकडे जायचा. सर कागद ट्यूबलाइटसमोर धरून म्हणायचे, "हे बघ चांदणं!"

मराठीचं मशीन लावल्यावर तर करंगळीची दैनाच. अर्धी अक्षरं बरीचशी शिफ्टवर, आणि शिफ्ट दाबायची कुणी? करंगळीनेच. शिवाय श, ख, भ, ध असल्या अक्षरांना अख्खी कीच नव्हती. 'शाळा' लिहायचं तर अर्ध्या श ला एक काना लावला की श व्हायचा, दुसरा लावला की शा. घाईत दुसरा काना हमखास राहायचा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, कारण कागदावर ती आधी येते. मशीनला व्याकरण कळत नाही, जागा कळते.

आमच्याकडची मशीनं गोदरेजची. त्यांनी १९५५ मध्ये पहिला भारतीय टाइपरायटर काढला होता. पुढे ती मशीनं शिरवळला बनायची, म्हणजे आमच्या पुण्याच्या वाटेवरच. २००९ च्या सुमारास तेही थांबलं.

परीक्षेला मशीन आपलं आपण न्यायचं, हे आज कुणाला खरं वाटणार नाही. क्लासची मशीनं टेम्पोत घालून सांगलीला. पंधरा-सोळा किलोचं धूड दोघांनी दोन बाजूंनी धरून जिना चढायचा, आणि वर पोचल्यावर पहिलं काम म्हणजे कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा वरचा भाग, नीट सरकतंय ना ते बघायचं. प्रवासात काही हललं असेल तर संपलंच. स्पीडच्या पेपरला एकदम चाळीस जण सुरू झाले की पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज. ओळ संपत आल्याची स्वतःच्या मशीनची घंटीसुद्धा ऐकू यायची नाही, ओळ संपली हे कॅरेज अडल्यावर कळायचं.

नंतर एका वकिलांकडे कामाला लागलो. पहिल्याच आठवड्यात चार पानी प्रतिज्ञापत्र टाइप केलं, तीन प्रतींत. प्रतींसाठी मध्ये घातलेले कार्बन पेपर उलटे लागले होते. मूळ कागदाच्या पाठीवर सगळं उलट्या अक्षरांत, आणि शेवटची प्रत कोरी करकरीत. साहेब काही बोलले नाहीत, फक्त माझ्यासमोर नवे कागद ठेवून जेवायला गेले.

आता सगळं मोबाइलवर लिहितो. हे उत्तरही. पण 'कि' लिहायचा झाला की बोट अजून आधी वेलांटीकडेच जातं.