म्हातारपण लांबवता येतं का? आधी खुर्चीतून उठून पाहा

तुमचा प्रश्न असा: वय 54, जिना चढताना हल्ली धाप लागते, गुडघे कुरकुरतात, ओळखीच्या माणसाचं नाव ऐन वेळी आठवत नाही. शरीर आणि डोकं म्हातारं होण्याचा वेग कमी करता येतो का, आणि त्यासाठी विकल्या जाणाऱ्या 'अँटी-एजिंग' गोळ्या घ्याव्यात का?

वेग कमी करता येतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे. 31 वर्षं वयस्कर माणसांना चालतं करण्यात गेली आणि आता मी स्वतः 61ची आहे. वयाच्या नावावर आपण ज्या ज्या गोष्टींची पावती फाडतो, त्यातल्या बऱ्याच गोष्टी वापर बंद पडल्यामुळे झालेल्या असतात, हे मी रोज बघते.

नवीन पेशंट आला की फाइल मी नंतर उघडते. बाहेर बसलेल्या माणसाचं नाव पुकारलं की तो खुर्चीतून उठतो कसा, ते आधी बघते. एखादा सरळ उठतो. एखादा आधी खुर्चीच्या कडेला सरकतो, दोन्ही हात मांड्यांवर दाबतो, पुढेमागे दोन झोके घेतो आणि तिसऱ्या झोक्याला 'हुश्श' करून उभा राहतो. त्याला विचारलं तर म्हणतो, माझे पाय ठणठणीत आहेत, मी रोज तासभर चालतो. आणि तो खोटं बोलत नसतो.

गोम तिथेच आहे. चालण्याने हृदय, रक्तदाब, साखर, झोप सगळ्यांचं भलं होतं, पण सपाट रस्त्यावर चालताना मांडीच्या स्नायूंवर फारसा भार येत नाही. स्नायूंत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. एक चिवट, हळू काम करणारे, तासन्‌तास न थकणारे. दुसरे झटक्याचे, थोडा वेळ पण जोरात काम करणारे. वय वाढतं तसं मज्जारज्जूतून स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी कमी होत जातात. पोरक्या झालेल्या काही तंतूंना शेजारची चेतापेशी दत्तक घेते, बाकीचे सुकून जातात, आणि सुकणाऱ्यांत झटक्याचे जास्त असतात. ठेच लागल्यावर पडता पडता सावरायला नेमके तेच लागतात. म्हणूनच स्नायूंच्या आकारापेक्षा त्यांची ताकद जास्त वेगाने घटते. वजनकाट्यावर यातलं काही दिसत नाही, कारण स्नायू गेला त्या जागी चरबी येते आणि आकडा तोच राहतो.

यावर उपाय आहे, आणि तो कुठल्याही वयात लागू पडतो. 1990 साली अमेरिकेत मारिया फियातारोने यांच्या गटाने 86 ते 96 वयाच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा भारी वजनाचा व्यायाम करून घेतला. वृद्धाश्रमात राहणारी माणसं होती ती. ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, आणि एका रेषेत पावलापुढे पाऊल टाकत चालण्याचा वेग 48 टक्क्यांनी. नव्वदीत हे होत असेल तर चोपन्नाव्या वर्षी 'आता काय उपयोग' हे वाक्य मी ऐकून घेत नाही.

तुम्ही असं करा. हात नसलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हाताची घडी छातीवर घाला आणि 30 सेकंदांत पूर्ण उभं राहून पुन्हा बसणं किती वेळा जमतं ते मोजा. 60 ते 64 वयाच्या पुरुषाला 14 पेक्षा कमी आणि बाईला 12 पेक्षा कमी जमलं, तर ते सरासरीच्या खाली धरतात. तुम्ही त्याहून लहान आहात, तेव्हा आकडा त्याच्या बराच पुढे हवा. हीच चाचणी हाच तुमचा पहिला व्यायाम. सोपी वाटायला लागली की हातात वजन घ्या, मग खाली बसताना मनात पाच मोजत सावकाश बसा. आठवड्यातून दोन दिवस पाय, पाठ, छाती, खांदे यांना भार द्यायचा, आणि भार असा की शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांना तोंड वेडंवाकडं झालं पाहिजे. सोबत आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं आहेच. आणि पोटात प्रथिनं गेली पाहिजेत. साठीपुढे शरीराच्या दर किलोमागे दिवसाला 1 ते 1.2 ग्रॅम असं तज्ज्ञ सांगतात (किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा). भूक कमी झाली म्हणून लोक नेमकी तीच कमी करतात.

गुडघे नुसतेच कुरकुरत असतील, दुखत-सुजत नसतील, तर सोडून द्या. आवाज म्हणजे झीज नव्हे. तोल मात्र तपासा. एका पायावर 10 सेकंद उभं राहता येतं का बघा. 51 ते 75 वयाच्या 1,702 लोकांच्या एका अभ्यासात, जो 2022 साली प्रसिद्ध झाला, ज्यांना ते जमलं नाही त्यांच्यात पुढच्या वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. यात पायाने काही आयुष्य ठरत नाही, तो आतल्या बऱ्याच गोष्टींचा निरोप देतो एवढंच.

आणि आराम. घरच्यांच्या प्रेमातून येणारं 'तुम्ही बसा, आम्ही करतो' मला सगळ्यात जास्त खटकतं. 1966 मध्ये अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयाने त्यांची श्रम करण्याची क्षमता जितकी घटली होती, त्यापेक्षा जास्त त्या तीन आठवड्यांनी घटवली होती. पन्नाशीत सहा महिने टप्प्याटप्प्याने व्यायाम केल्यावर ती पुन्हा विशीतल्या, झोपून राहण्याआधीच्या पातळीला आली.

आता डोक्याचं. इथे मी स्वतः चुकले होते, ते सांगते. माझी आई पंचाहत्तरीनंतर बोलायची कमी झाली. चार माणसं जमली की कोपऱ्यात बसून हसरा चेहरा ठेवायची, कशालाही 'हो, हो' म्हणायची, आणि सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी तिला माहीतच नसायची. आम्ही सगळ्यांनी मनात विसरभोळेपणाचं निदान करून टाकलं होतं, मी धरून. दीड वर्षाने कान तपासले. तिला ती गोष्ट ऐकूच आलेली नव्हती, तर ती लक्षात कुठून राहणार? श्रवणयंत्र पहिल्यांदा लावलं तेव्हा ती वर्तमानपत्राची घडी उघडत होती. मधेच थांबली, कागद पुन्हा हलवला, पुन्हा हलवला. म्हणाली, "याला आवाज असतो हे विसरलेच होते गं." त्या दीड वर्षाचं मला अजून वाईट वाटतं.

हे एकट्या आईपुरतं नाही. 2024 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने डिमेन्शियाचे, म्हणजे स्मृतिभ्रंशाचे, बदलता येण्यासारखे 14 धोके मोजले. ते सगळे टाळता आले तर जगातले सुमारे 45 टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतील, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात ऐकू कमी येणं आहे, न सुधारलेली नजर आहे, पन्नाशीतला वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा आहे. रक्तदाब यासाठी म्हणते की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या त्याने गुपचूप खराब होतात आणि काही दुखत नाही. तुमच्या वयात तो मोजून आटोक्यात ठेवणं हे माझ्या मते कुठल्याही शब्दकोड्यापेक्षा मोलाचं आहे. कोडी सोडवून माणूस कोडी सोडवण्यात तरबेज होतो. डोक्याला काम द्यायचंच असेल तर ज्यात तुम्ही आज अगदीच ढ आहात असं काही शिका, आणि शक्यतो माणसांत बसून.

नाव जिभेवर येऊन अडणं आणि तासाभराने आपोआप आठवणं हे वयाचंच आहे, घाबरू नका. रोजचा रस्ता चुकणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा विचारणं, वर्षानुवर्षं केलेल्या हिशेबात गोंधळ होणं, असं काही असेल तर मात्र डॉक्टर गाठा. ते बी-12 आणि थायरॉइड तपासतील. घेत असलेल्या गोळ्यांची यादी सोबत न्या. सर्दीची आणि झोपेची काही जुनी औषधं वयस्कर माणसांच्या डोक्यात चांगलाच गोंधळ घालतात, आणि ती कुणी यादीत धरतच नाही.

गोळ्यांचं विचारलंत. माणसाचं म्हातारपण मागे फिरवते असं सिद्ध झालेली एकही गोळी आज नाही. 'नैसर्गिक आहे, अपाय तर नाही' यावरही जाऊ नका. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या 29,000 पुरुषांच्या चाचणीत बीटा-कॅरोटीन (गाजराला रंग देणारं द्रव्य) गोळीतून घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी आशा होती. 1994 मध्ये निकाल आला तेव्हा तो वाढलेला निघाला. ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं तर घेऊच नका. त्यांनी सूज येते, सांधे दुखतात, साखर वाढते. चेहऱ्याच्या क्रीमवर खर्च करायचाच असेल तर सनस्क्रीनवर करा. सुरकुत्यांसाठी तिचा पुरावा इतरांपेक्षा चांगला आहे.

एक राहिलंच. जिन्यावरची धाप 'हल्ली' लागते असं तुम्ही लिहिलंय. ती गेल्या काही महिन्यांतच सुरू झाली असेल, किंवा सोबत छातीत जड वाटत असेल, पायावर सूज येत असेल, तर खुर्चीचा व्यायाम पुढच्या आठवड्यात. या आठवड्यात हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि ईसीजी करून घ्या.