मेल्यानंतर काय होतं? वेगवेगळ्या धर्मांचे लोक मृत्यूकडे कसे बघतात?

हिंदूंचं बहुतेकांना माहितीये, जुने कपडे टाकून नवे घालावेत तसा आत्मा शरीर बदलतो, गीतेतच आहे ते. ख्रिश्चन आणि मुस्लिम मात्र एकच जन्म मानतात, मग शेवटच्या दिवशी पुन्हा उठवणार आणि हिशोब होणार, इस्लाममधे तर मरण ते कयामत या मधल्या काळाला बरजख असं वेगळं नावच आहे.

मला सगळ्यात इंटरेस्टिंग बौद्धांचं वाटतं, कारण ते कायमचा आत्माच मानत नाहीत आणि तरी पुनर्भव मानतात, मग जातं काय एका जन्मातून दुसऱ्यात? तर एका दिव्याने दुसरा दिवा लावला की ज्योत उचलून कुठे नेली जात नाही पण दुसरा पेटतो तर पहिल्यामुळेच, तसं काहीसं. (मला हे कळायला बराच वेळ लागला, खरं सांगायचं तर अजूनही अर्धवटच कळलंय.)

आणि नास्तिक म्हणजे आजकालचं फॅड नाही हां, चार्वाक कधीच म्हणून गेलेत की देहाची राख झाली की परत येणार कुठून. ग्रीसमधे एपिक्युरस नावाच्या जुन्या तत्त्वज्ञाचंही मरणाबद्दल तसंच, आपण आहोत तोवर मरण नाही आणि मरण आलं की आपण नाही, मग घाबरायचं कोणी?