आधी गावात वाचून दाखव

पंचवटी, नाशिक

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेल वाचला. श्रीवर्धनकडचं आजोळ, मामांच्या माळ्यावरची पत्र्याची पेटी, मच्छीमार सोसायटीच्या कपाटातल्या वह्या, शाळेची रजिस्टरं. हे सगळं दिवाळीच्या सुट्टीत नाशिकला आणायचं, स्कॅन करायचं आणि आर्काइव्ह उभं करायचं, असा बेत दिसतोय. बेत चांगला आहे, पण टेम्पो ठरवू नकोस. कागद गावातच राहू दे.

मामांच्या पेटीचंच घे. समज, सुपारीच्या हिशेबाच्या वहीत एक मनिऑर्डरची पावती खोचलेली आहे. ती काढून तू 'पावत्या' नावाच्या फाइलीत लावलीस, की उरली नुसती पावती. ज्या पानात ती होती, त्या पानावर सावकाराची बाकी मांडलेली आहे आणि दोन्ही रकमा जुळताहेत, हे ज्याला दिसेल त्यालाच कळेल की मुंबईच्या गिरणीतल्या पगाराने वाडी सोडवली. म्हणून पेटी उघडलीस की लगेच हात घालायचा नाही. आधी वरून फोटो, मग एकेक थर. कशाखाली काय होतं, कशात काय खोचलेलं होतं, तेही लिहायचं. कंटाळवाणं आहे, पण खरं काम तेच आहे. स्कॅनिंग काय, ते कोणीही करील.

दुसरं कारण माणसांचं. गावात जुना कागद हा आधी पुरावा असतो, इतिहास नंतर. फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाची नोंद, गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद आणि तिच्यातला जातीचा रकाना, जाळी सुकवायच्या जागेवरून झालेला तंटा. १९९१ साली किनारा नियमनाची अधिसूचना आली तेव्हापासून तर भरतीरेषेच्या किती आत कोणाचं काय होतं, याला फार भाव आला आहे. अशात नाशिकची भाची पेटी उचलून नेते म्हटल्यावर मामा 'ने की' म्हणतील, पण मामींना रात्रभर झोप लागणार नाही. आणि मामींचंच बरोबर असेल.

तू म्हणशील, तिथे खारा वारा, वाळवी, वर वादळं. खरं आहे. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळाने तुमच्या पट्ट्यातल्या सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या, घरांवरची छपरं उडवली. छप्पर गेलं की माळ्यावरचं काय होतं ते सांगायला नको. पण सुरक्षित जागा म्हणशील तर ती कुठे आहे? चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. २००५ ला आणि पुन्हा २०२१ ला त्यात पुराचं पाणी शिरलं. आपल्याकडे गोदावरी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागली की सराफ बाजारात काय धावपळ उडते, ते तू लहानपणापासून बघते आहेस. तेव्हा मूळ कागद गावात, जरा बऱ्या पेटीत, जमिनीपासून उंच. आणि प्रती मात्र तीन ठिकाणी. एक गावच्या शाळेत किंवा वाचनालयात, एक इथे तुझ्याकडे, एक इंटरनेटवर. यावर याहून जास्त डोकं चालवू नकोस.

आता जायच्या आधीचं काम. पांडवलेण्यांवर तू सहलीला गेली असशीलच. पुन्हा जा आणि दहा नंबरच्या लेण्याच्या ओसरीत नीट उभी राहा. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात, म्हणजे आपल्या पुस्तकांतला ऋषभदत्त, त्याचे लेख तिथे आहेत. दोन हजार वर्षांच्या आसपासचे. त्यात तुझा किनारा आहे. दमण, तापी, दाहानुका अशा नद्यांवर लोकांना फुकट उतरता यावं म्हणून नावा ठेवल्या, शूर्पारक म्हणजे सोपारा इथे धर्मशाळा बांधली, नानंगोल गावातली ३२,००० नारळाची झाडं दान दिली. घाटावरच्या डोंगरात बसून कोणीतरी समुद्रकाठच्या माडांचा हिशेब कोरला आहे. दिलं कोणी, काय, किती, कुठलं आणि कोणाला, सगळं त्यात आलं. तुझ्या प्रत्येक कागदाची नोंद एवढी जरी झाली तरी मी खूश आहे.

त्याच ओसरीत आणखी एक लेख आहे, आणि हे सगळं पत्र मी खरं तर त्याच्यासाठी लिहिते आहे. उषवदाताने ३,००० कार्षापणं, म्हणजे तेव्हाची नाणी, कायमची ठेव म्हणून दिली. त्यातली २,००० गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसाय-संघाकडे, महिना शेकडा एक व्याजाने, १,००० दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने. गोवर्धन म्हणजे इथलंच, गंगापूरजवळचं. व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा खर्च भागवायचा. आणि शेवटी म्हटलं आहे की हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवलं. क्रम लक्षात घे. आधी चारचौघांत वाचलं, मग नोंद झाली. आपण आज नेमकं उलटं करतो. नोंद करतो, वेबसाइटवर टाकतो, आणि गावाला ती कधी ऐकायलाच मिळत नाही.

तू तसं करू नकोस. पहिल्या पन्नासेक कागदांची यादी झाली की देवळात किंवा सोसायटीच्या ओट्यावर, मासेमारी बंद असते त्या दिवसांत वाचून दाखव. १ जून ते ३१ जुलै होड्या किनाऱ्यावर असतात, माणसं घरी भेटतात. तू नाव वाचशील आणि मागून कोणीतरी म्हणेल, 'तो हा नव्हे, त्याचा चुलता. याच्याकडे मचवा कधीच नव्हता.' लगेच खोडू नकोस. जुनी नोंद राहू दे, शेजारी लिही : अमुक दिवशी, अमुकांच्या म्हणण्याप्रमाणे दुरुस्ती. वादावादी झाली तर दोन्ही बाजू लिही. कोणी म्हणालं, 'हे नको वाचूस, आमच्या घरचं आहे', तर ते पान बंद. दत्तक, कर्ज, मारामारीचे खटले यांतलं काय उघड करायचं ते तू ठरवायचं नाहीस.

सोसायटीच्या वह्यांत बायका जवळजवळ सापडणार नाहीत. सभासद पुरुष, सही पुरुषाची. पण मासळी पैशांत कोणी बदलली? टोपली डोक्यावर घेऊन कोणत्या गावांना जायचं, कोणत्या एसटीत टोपली घेत नसत, धान्याच्या बदल्यात सुकट कशी देत, उधारी कशी लक्षात ठेवत, हे त्यांनाच विचारावं लागेल, आणि घरातले पुरुष बाहेर गेल्यावर विचारावं लागेल. नाहीतर उत्तरं तेच देतात. मुलाखतीला पंखा बंद कर, टीव्ही बंद करायला सांग, आणि 'तुमचा इतिहास सांगा' असं चुकूनसुद्धा म्हणू नकोस. माणसं गप्प होतात किंवा शिवाजीमहाराजांपासून सुरुवात करतात. एखादी वस्तू समोर ठेव. जुनं जाळं, वजनाचं माप, लग्नातला फोटो.

सालं कोणाला आठवत नाहीत, आठवतात घटना. रामदास बोट बुडाली ती १७ जुलै १९४७ ला, आषाढ अमावास्येला. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. 'रामदास बुडाली तेव्हा मी पाळण्यात' एवढ्यावर जन्मसाल बसतं. तारीख नसली तरी तिथी असते, आणि तिथी नसली तर पाणी असतं. तिथीला तीनाने गुणून चाराने भागलं की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, अष्टमीला सहाच्या सुमारास. एखादा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, म्हणाला, 'जेवणं उरकली होती, नऊ वाजले असतील, पाणी अगदी भरलेलं', तर द्वादशीच्या मागेपुढे शोध. मग जुनं पंचांग काढ. गणित पक्कं नाही, पण कुठे बघायचं ते त्यावरून कळतं.

सरकारी दप्तरात शोधायची वेळ आली तर 'रायगड' म्हणून मागू नकोस. रायगड हे जिल्ह्याचं नाव १९८१ पासूनचं, त्याआधी कुलाबा. आणि श्रीवर्धन १९४८ पर्यंत कुलाब्यातही नव्हतं, जंजिरा संस्थानात होतं. १८८३ च्या गॅझेटियरचा अकरावा खंडही 'कुलाबा आणि जंजिरा' असाच आहे. तो जरूर वाच, बंदरं, मासळी, होड्या सगळं मिळेल. फक्त त्यातली जातींची वर्णनं वाचताना लिहिणारा महसूल खात्याच्या खुर्चीतून बघतो आहे, हे विसरू नकोस. मोडी मात्र शिकून घे. त्याला पर्याय नाही.

आणखी एक दप्तर तुझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. रामकुंडावर अस्थी घेऊन कोकणातून माणसं पिढ्यान्‌पिढ्या येत आली. इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावाप्रमाणे, कुळाप्रमाणे त्यांची नावं आहेत, बाप, आजा, बरोबर कोण आलं, कशासाठी आलं. तुझ्या आईच्या माहेरचं आडनाव आणि गाव सांगून चौकशी कर. जो माणूस श्रीवर्धनच्या एकाही कागदावर नाही, तो इथे सहीनिशी सापडू शकतो. स्वतःच्या कुळाचीच पानं माग. इतरांच्या पानांचे फोटो काढायला लागलीस तर वही मिटेल, आणि मिटावीच.

कागद हाताळण्याचं थोडक्यात. टाचण्या आणि स्टेपल आधी काढ. खाऱ्या हवेत त्या गंजतात आणि कागद भोकासकट खातात. ओढू नकोस, पाठीमागून पाय सरळ करून अलगद सोडव. सेलोटेप नको. लॅमिनेशन तर अजिबात नको, कोणी कितीही कौतुकाने करून आणलं तरी. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट कागद घातलास तर बुरशी येणारच. ओला कागद उन्हात टाकायचा नाही, सावलीत, मध्ये कोरे कागद घालून. फोटोला फोन पुरे, खिडकीजवळचा उजेड घे, कडेला फूटपट्टी ठेव, आणि फाइलला वहीतल्या नोंदीचाच क्रमांक दे.

दिवाळीहून येताना फक्त नोंदवही आण. आपण सार्वजनिक वाचनालयात बसून ती तपासू. जिथे तू 'किरकोळ कागद' असं लिहिलं असशील, ती ओळ मी तुला परत लिहायला लावणार आहे, आणि त्यासाठी तुला पुन्हा श्रीवर्धनची एसटी धरावी लागली तर तक्रार करायची नाही.

तुझ्या बाई

ता. क. पेटीला नवं कुलूप घेतलंस तर किल्ली मामींकडे दे.